देवाच्या मालाचा राखणदार

“देवाचा माल हाये, हात लावू नका.” एवढं म्हणायचं आणि कुलूप दोनदा ओढून पाहायचं. हा आमच्या ख्रिस्ती मंडळीचा कारभारी. जैनथकडच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजून अकरा, कौलांचं एक लहानसं देऊळ, देवळात एक लोखंडी पेटी, आणि पेटीची किल्ली याच्या कमरेला. पण ऐट अशी, की स्वर्गाच्या दारावरच्या पेत्राने आपली किल्लीसुद्धा याच्याकडेच ठेवायला दिली असावी.

निजामाच्या काळात हा तहसील कचेरीच्या दारावर शिपाई होता. निजाम गेला, कचेरी बदलली, याची नोकरी सुटली. दार अडवून उभं राहायची खोड तेवढी सुटली नाही. तिथे साहेबाचा हुकूम असायचा, इथे देवाचा. काहीही मागा, उत्तर तयार: “हुकूम नाई.”

मिशनच्या एका मडमेने गाव सोडताना मंडळीला सतरंजी दिली होती. आम्ही बायका थंडीत सारवलेल्या जमिनीवर गुडघे टेकायचो आणि सतरंजी पेटीत. बाहेरून कोणी मोठा माणूस आला की ती अंथरायची आणि त्याची पाठ फिरली की आमच्या खालून ओढून घ्यायची. एकदा मी मुद्दाम उठलेच नाही. तर गावनात्याने मला सून मानणारा हा म्हणाला, “सूनबाई, झिजते ना ते.” माझे गुडघे झिजले तरी चालतील. ते देवाचे नव्हते वाटतं!

हंगामाच्या उपासनेला आम्ही शेतातलं पहिलं पीक आणून देवापुढे ठेवायचो. ज्वारीची कणसं, कोहळं, तुरीच्या शेंगा. आशीर्वाद झाला की त्यातलं धान्य मंडळीतल्या एका विधवेच्या पदरात घालायचं, ही रीत. एका वर्षी मंडळीचे पंच वाटपाला वेळेवर आले नाहीत, म्हणून याने सगळं कोंडून ठेवलं. पंच आले तोवर उंदरांनी उपकारस्तुती उरकली होती. ती बाई रडली. हा म्हणतो, “चोरीले तं नाई ना गेलं?” राखील तो चाखील, असं म्हणतात. हा स्वतः चाखत नव्हता आणि दुसऱ्यालाही चाखू देत नव्हता. अशा माणसाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

आमच्या पाळकसाहेबांनी एकदा, मालकाचं रुपं नुसतं जमिनीत पुरून ठेवलं म्हणून मालकाने हाकलून दिलेल्या दासाच्या दाखल्यावर उपदेश केला. सगळी मंडळी माना वळवून याच्याकडे पाहत होती, आणि सगळ्यांत जास्त मान हाच डोलवत होता. बाहेर आल्यावर मला म्हणाला, “पुरलं ते बराबरच केलं त्यानं. हरवलं तं नाई.” मी कपाळावर हात मारून घेतला.

इथवर हसण्यावारी नेता येत होतं. मग राज्यांची वाटणी झाली. पैनगंगेपलीकडचे आमचे सोयरे मुंबई राज्यात गेले, आम्ही अलीकडचे आंध्रात. वरच्यांनी मंडळ्यांचीही नव्याने वाटणी केली. आमची मंडळी निर्मलकडच्या तेलुगू पाळकांकडे, आणि आमच्या मराठी पाळकसाहेबांची बदली नदीपलीकडे. जाण्याआधी ते शेवटचं प्रभुभोजन, प्रभूच्या नावाने भाकरीचा तुकडा आणि प्याल्यातला घोट, द्यायला आले.

माझ्या सासूबाई तेव्हा लकव्याने अंथरुणाला खिळल्या होत्या. घर देवळाला लागूनच. पहाटेपासून त्या एकच विचारत होत्या, पाळकसाहेब आपल्या बोलीत प्रार्थना म्हणून प्याला द्यायला घरी येतील ना? उपासना संपली, पाळकसाहेब आमच्या घराकडे निघाले, दारात आमची चार माणसं उभी होती, आणि याने चांदीचा प्याला धुऊन, फडक्यात गुंडाळून पेटीत घातला. वर कुलूप.

पाळकसाहेबांनी प्याला मागितला. हा म्हणाला, “हुकूम नाई. प्याला देवळाच्या उंबऱ्याबाहेर जात नाई. मिशनच्या मोठ्या साहेबानं किल्ली देताना सांगतलं मले.”

मी म्हटलं, “मामाजी, त्या मरून राह्यल्या. आज काऊन अडवता?”

“मी नाई अडवत. हुकूम नाई.”

मी घरचं फुलपात्र पुढे केलं. पण प्याल्यात ओतायचा मनुक्यांचा रसही पेटीतच, आणि पाळकसाहेब मऊ माणूस. शेवटच्या दिवशी वाद नको म्हणाले. सासूबाईंच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि बैलगाडीत बसले. नवव्या दिवशी सासूबाई गेल्या. प्याला आला का, हे त्या आठव्या दिवशीही विचारत होत्या.

त्यानंतर दोन वर्षं मी या माणसाशी बोलले नाही. याचं पोट फुगलं, अन्न जाईना, तेव्हा त्याची बायको मला बोलवायला आली. नवा तेलुगू पाळक आला होता, प्रभुभोजन द्यायचं होतं. मी गेले. खोटं कशाला सांगू, दुःखाने नाही गेले. आता स्वतःसाठी प्याला उंबऱ्याबाहेर काढतो की नाही, हे मला डोळ्यांनी पाहायचं होतं.

पाळक हिंदीत म्हणाला, मी प्याला इथेच आणतो. याने उशाखालची किल्ली मुठीत धरली. “नाई,” म्हणाला. “प्याला नाई येत. मले तिथं न्या.”

खाट उचलायला तीनच पुरुष होते. चौथा खूर मी धरला. दारात खाट तिरपी करावी लागली, तेव्हा तो कण्हला, पण किल्ली सोडली नाही. ती त्याने पेटीपाशी पोचल्यावरच दिली. पाळकाने तेलुगूत प्रार्थना म्हटली. त्यातलं याला एक ‘आमेन’ कळलं असेल. त्याने प्याला ओठांना लावला, मग कुलूप लागेपर्यंत तो पेटीकडे पाहत राहिला. त्या आठवड्यातच गेला.

त्या दिवशी त्याला देवळातून परत नेताना माझ्या दाराशी आम्ही खाट खाली टेकवली. इतका वेळ मी मनात त्याला शिव्या देत होते, त्या तिथे थांबल्या. सासूबाईंनाही असंच उचलून नेता आलं असतं. त्याला सुचलं नाही, पाळकसाहेबांना सुचलं नाही, आणि मला, सासूबाईंच्या सुनेलाही, सुचलं नाही. मी प्याल्यासाठी भांडत बसले. चार माणसं त्या दिवशीही दारात उभी होती, आणि सासूबाई वजनाने याच्या निम्म्याही नव्हत्या.