चाचांनी दाबलेल्या जाहिराती

माझ्या लातूरच्या घरमालक चाचांइतकं निर्मळ मनानं माझं वाटोळं आजवर कुणी केलेलं नाही. भूकंपात गावाकडचं घर पडलं तसे ते शहरात आले, शिवणयंत्रावर संसार उभा केला, आणि क्लासची पोरं लातुरात लोटली तेव्हा वर खोल्या चढवल्या. स्वतः मात्र अंगणात पत्र्याखालीच झोपत. भाडेकरू म्हणजे पाहुणा, ही त्यांची पक्की समजूत. एकाला शिंक आली की काढा सगळ्या खोल्यांना!

मी एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचो आणि पोरांसाठी सरावप्रश्नांची वेबसाइट चालवायचो. तिच्यावरची जाहिरात कुणी उघडली की मला थोडे पैसे मिळतात, हे एकदा चहा पिताना चाचांपुढे बोलून बसलो. झालं!

"मग दाबायला काय जातंय, सर? बोटं रिकामीच हायेत की!"

रोज सकाळी चष्मा लावून चाचा दाबायला बसू लागले. नवरीचे शालू, ट्रॅक्टरचे टायर, स्वतःला चकचकीत टक्कल असून केसांचं तेल. काही सोडलं नाही. विम्याच्या जाहिरातीत स्वतःचा नंबरही भरला, आणि विम्यावाल्या बाईचा फोन आला, तर तिच्याच तब्येतीची चौकशी करत बसले. पुढे पानटपरीवाला, दाळ मिलचे हमाल, सगळ्यांना फर्मान सुटलं, "सरचं काम हाय, दाबा!" इकडे मी खूश. वाटलं, माझे प्रश्न गाजायला लागले!

मग जाहिरातवाल्या कंपनीची मेल आली. हे क्लिक खऱ्या ग्राहकांचे नाहीत. कमाई जाहिरातदारांना परत, खातं बंद. चाचा भडकले.

"खरे न्हाईत? अन् आम्ही काय भुतं हाव?"

"माणसं खरी आहेत, चाचा. पण ती वस्तू बघायची इच्छाही खरी लागते."

"आता ट्रॅक्टरच्या टायरची इच्छा मी कुठून आणू?"

घरमालकांनी प्रेमापोटी हे केलं, असं मी कंपनीला खरं खरं कळवलं. प्रेमाची सोय त्यांच्या नियमांत नव्हती. नकार आला. त्यानंतर चाचा माझी नजर चुकवू लागले. शेवटी मीच खाली जाऊन त्यांच्या पत्र्याखाली बसलो.

"साइट चालूच आहे, चाचा. फक्त जाहिराती गेल्या."

"पोरं वाचतेत ना?"

"वाचतात."

"मग बास," म्हणाले आणि डोळे पुसून चहा सांगितला.

गुडघे थकल्यावर ते मुलीकडे नांदेडला गेले. साइटवर कुठल्या गावाहून कुणी आलं आणि कुठल्या पानावर किती वेळ थांबलं, एवढं मला दिसतं; नाव दिसत नाही. परीक्षा संपतात, पोरं गावी जातात, साइट ओस पडते. तेव्हाही सकाळी नांदेडहून कुणीतरी येतं, बेडकाच्या पचनसंस्थेपाशी बराच वेळ थांबतं आणि काहीही न दाबता निघून जातं.