भूतानचं शुद्धिपत्र

तुमच्यादेखत तुमच्या आईला कोणी शिवी दिली, तर तुम्ही काय कराल?

घाईने उत्तर देऊ नका. मी घाई केली आणि थेट बससमोर आडवी झाले. बस भूतानमध्ये उभी होती.

सुरुवातीपासून सांगते. आमचं घर नाशिक रोडला आहे आणि आमच्या घरात फोडणीचा डबासुद्धा पत्रकावर ठेवलेला असतो. पप्पा प्रेसमधून निवृत्त झाले, पण छपाईतून झाले नाहीत. कॉलनीत पाणी आलं नाही, काढा पत्रक. विहारात व्याख्यान आहे, काढा पत्रक. गल्लीतल्या कुत्र्याला कोणी दगड मारला, काढा पत्रक! इतर मुलींना लहानपणी राजाराणीच्या गोष्टी सांगून झोपवत असतील, मला ‘जाहीर आवाहन’ वाचून झोपवायचे. (झोप उत्तम लागायची.) पप्पांचा नियम एकच: “छापलं, की जबाबदारी आली.” छापलेलं खोटं निघालं तर पुढच्या अंकात शुद्धिपत्र काढायचं आणि मान खाली घालायची.

अशा घरातली मुलगी मोठी होऊन काय करणार? मी माझं स्वतःचं पत्रक काढलं. मथळा: ‘शिवी आईवरूनच का?’ या देशात दोन पुरुष भांडतात आणि अपमान होतो तो तिसरीचाच, जी तेव्हा घरी मेथी निवडत बसलेली असते. तिचा या भांडणाशी संबंध काय? याचा मला संताप येतो. आजही येतो. तिसऱ्या ओळीत मी सगळ्या शिव्यांची यादीच दिली होती. त्यात ‘आयला’ लिहिलं होतं. पप्पांनी लाल पेनने ते कापलं आणि ‘आईला’ केलं.

“पप्पा, लोक आयलाच म्हणतात.”

“लोक म्हणू देत. शिवी असली तरी शुद्ध लिहायची.”

हा शुद्धलेखनाचा आग्रह आम्हाला पुढे केवढ्याला पडला ते कळेलच. ते पत्रक मी मिसळीच्या दुकानात वाटलं, स्टेशनबाहेर वाटलं, रिक्षा स्टँडवर वाटलं. तिथल्या एका काकांनी चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचलं, नीट घडी घातली, खिशात ठेवलं आणि गंभीरपणे म्हणाले, “आईला, खरंय की.”

आता माझी आई. ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. ती स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली होती. कुठल्याशा मेडिकल दुकानाचं जुनं कॅलेंडर होतं. वर्ष सरलं, तारखा फाटून गेल्या, चित्र तेवढं राहिलं. सरळसोट कडा आणि त्या कड्याला मधोमध चिकटलेला पांढऱ्या भिंतींचा मठ. खाली ढग. भाकरी थापता थापता आई त्या चित्राकडे बघायची. एकदा मी विचारलं, यात एवढं काय आहे? ती म्हणाली, “तिथे सामान कसं नेलं असेल गं?” तिला भक्ती वगैरे सुचत नाही, असलेच प्रश्न पडतात.

निवृत्त झाल्यावर तिने जाहीर केलं की आपण भूतानला जायचं आणि तो डोंगर चढायचा. गुडघे आधीच राजीनाम्याच्या तयारीत होते. तिने त्यांना त्रिरश्मी लेण्यांच्या पायऱ्यांवर रोज पहाटे नेऊन सरळ केलं. इतकं की लेण्यांवर फिरायला येणारे तिला वाट द्यायला लागले.

मग सहलवाल्यांचं पत्रक घरात आलं. ‘हिमालयाच्या कुशीतील आनंदाचा देश! अविस्मरणीय! अद्भुत! मराठी भाषिक मार्गदर्शक!’ माझं डोकंच फिरलं. नेपाळही कुशीत, सिक्कीमही कुशीत, हिमालयाने कामंधामं सोडून सगळ्यांना नुसतं कुशीत घेऊन बसायचं का? आणि लोक काय विशेषणं बघायला जातात? आई शांतपणे म्हणाली, “विशेषणं तू वाच. मी डोंगर बघते.” पप्पांनी मात्र शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “मराठी भाषिक मार्गदर्शक. छापलंय त्यांनी. जबाबदारी घेतलीय.”

सरहद्द ओलांडताच आमच्या बसमध्ये कर्मा नावाचा तरुण गाईड चढला. गुडघ्यापर्यंतचा झगा, लांब मोजे, चकचकीत बूट आणि चेहऱ्यावर असं हसू, की सहलवाल्यांच्या विशेषणांवर माझाही क्षणभर विश्वास बसला. पुढचं मी फारसं पाहिलं नाही, कारण भूतानचे घाट सुरू झाले आणि मी लिंबू नाकाला लावून मागच्या सीटवर आडवी पडले. (क्रांतिकारकांना घाट लागत नाही असं कुठे छापलंय?) दोन दिवस मला पुढचे आवाज फक्त तुटक तुटक ऐकू येत होते.

पुढच्या सीटवर पप्पा अत्यंत खूश होते. कर्मा त्यांच्याजवळ कप घेऊन येई आणि म्हणे, “पप्पा ला, चाय.” सोबत सिन्नरचे वाघकाका होते, त्यांना म्हणे, “काका ला, विंडो सीट.” मुक्कामाला पोचल्यावर पप्पा माझ्या उशाशी येऊन बसले. “ऐकलंस का? पप्पाला चहा म्हणतो. काकाला खिडकी म्हणतो. चतुर्थी विभक्ती! बाकीचं हिंदीत ढकलतो, पण शिकतोय पोरगं.”

वाघकाकांनी दुजोरा दिला. “मराठी लय साफ हाय त्याचं.” वाघकाका एकंदरीतच आनंदात होते, कारण त्या मठाच्या नावाचा अर्थ वाघाची गुहा असा आहे हे त्यांना कळलं होतं. सातबारा काढला तर आमचंच नाव निघंल, असं ते भेटेल त्याला सांगत होते.

तिसऱ्या दिवशी पारो गावातून निघायचं होतं. मठाचा दिवस. आई अंधार असतानाच तयार होऊन बसली होती. स्पोर्ट्स शूज, कानटोपी, हातात काठी. कर्माने आदल्या रात्री बजावलं होतं की लवकर पायथ्याशी पोचायचं, कारण दुपारी जेवणाच्या वेळेला मठाचं दार बंद होतं. मीही त्या सकाळी पहिल्यांदाच ताठ उभी होते. आई बसच्या पायरीशी आली. पायरी उंच होती, ती क्षणभर अडली. कर्माने हात पुढे केला आणि हसून म्हणाला,

“आई ला!”

पुढे काही नाही. ना चाय, ना खिडकी.

माझ्या कानांत गरम काहीतरी ओतल्यासारखं झालं. माझ्या आईला! माझ्यासमोर! आणि वर हसतोय! भाषा शिकताना माणूस आधी शिव्या शिकतो हे मला माहीत होतं, पण तो त्यांचा सराव माझ्या आईवर करणार? मी विचारलं, क्या बोला आपने? त्याने प्रामाणिकपणे पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, माफी मागा. तो गोंधळला, दोन्ही हात जोडून कमरेत वाकला आणि म्हणाला, “सॉरी, आई ला.”

म्हणजे माफीतही शिवी!

मी वाघकाकांना साक्षीला बोलावलं. त्यांनी कान टवकारून एकदा ऐकलं आणि निकाल दिला, “आयला, दिली की शिवी त्यानं.”

माझ्या पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता. (असतोच. लोक औषधं बाळगतात, मी पत्रकं बाळगते.) पुरावा म्हणून पहिलं पत्रक मी ड्रायव्हरच्या हातात दिलं आणि तिसरी ओळ दाखवली. आता, त्या देशात मंत्र छापलेल्या रंगीत पताका जागोजाग दोरीला बांधतात. वारा आला की मंत्र वाऱ्यासोबत सगळीकडे जातो, अशी श्रद्धा. घाटात पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा माझ्या मनात आलं होतं, अरे, हे तर आपलंच काम, छापायचं आणि वाऱ्यावर सोडायचं! ड्रायव्हरने माझं पत्रक दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि बसच्या काचेवरच्या छोट्या पताकांच्या दोरीत, बरोबर मधोमध, अडकवून टाकलं. माझी शिव्यांची यादी मंत्रांच्या रांगेत फडफडू लागली.

आता मागे हटणं शक्य नव्हतं. मी बससमोर गेले आणि रस्त्यावर आडवी झाले. रस्ता अतिशय थंड असतो तिथे, ही माहिती कुठल्याच पत्रकात नाही.

पारोचे लोक सभ्य आहेत. कोणी हॉर्न वाजवला नाही. एका आजीबाईंनी मला चक्कर आली असं समजून पाणी आणून दिलं. कर्माचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. तो घड्याळाकडे बघत होता, मग आईकडे, मग परत घड्याळाकडे. एव्हाना बसमध्ये जाऊन बसलेली आई काठी टेकत खाली उतरली. मला वाटलं, आपल्या लेकीचा अभिमान वाटून जवळ येतेय. ती माझ्यावरून पाय टाकून कर्माकडे गेली.

“बेटा, आई मतलब?”

“आई मतलब माँ. हमारी भाषा में.”

“तुम्हारी पण भाषेत?” आईची हिंदी आनंदात अशीच घसरते. “और ‘ला’ मतलब?”

तो जरा विचारात पडला. “ला मतलब… जी. इज्जत से बोलते हैं ना, वो.”

काचेवर माझं पत्रक तेवढं फडफडत होतं. पप्पांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच असं दुःख पाहिलं.

“म्हणजे त्याला मराठी येत नाही?”

“नाही येत,” आई म्हणाली.

“पप्पाला चहा, ती चतुर्थी नव्हती?”

“नव्हती.”

“पण त्यांनी छापलंय!” पप्पा एकदम पेटले. ही उघड उघड फसवणूक होती. त्यांनी रस्ता निरखला, माझ्या शेजारची जागा हाताने झाडली आणि मला म्हणाले, “सरक.”

आईने आम्हा दोघांकडे पाहिलं. तीस मुलांच्या वर्गाकडे बघतात तसं.

“झोपा तुम्ही. मी चालले.” मग कर्माकडे वळून, “चलो बेटा. आई ला को ऊपर जाना है.”

आम्ही मुकाट्याने उठून बसमध्ये बसलो. पण माझ्या सत्याग्रहाने वेळ खाल्लाच होता. पायथ्याशी पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. आई पुढे, कर्मा तिच्यासोबत. काठी, श्वास, पायरी. त्रिरश्मीचा सगळा अभ्यास ती आज वसूल करत होती. मागून मी धापा टाकत होते, माझ्या मागे पप्पा मनातल्या मनात मजकूर जुळवत होते आणि सर्वांत शेवटी वाघकाका घोड्यावर बसून ‘आलो आलो’ करत होते. वरून सारखं ऐकू येत होतं, “आई ला, धीरे. आई ला, पानी.” दर हाकेला माझे कान लाल होत होते. आता मठ बंद झाला, तर इतकी वर्षं चित्राकडे बघणाऱ्या बाईला मी तोंड कसं दाखवणार होते?

शेवटचं वळण घेतलं. तेवढ्यात समोरचं धुकं सरकलं. आणि दरीच्या पलीकडे, अगदी समोर, कॅलेंडर उभं होतं. तोच कडा, त्याच पांढऱ्या भिंती, खाली तेच ढग. फक्त खिळा नव्हता.

आणि मी, ‘शिवी आईवरूनच का?’ या पत्रकाची लेखिका आणि वाटपकर्ती, सगळ्या ताकदीनिशी ओरडले, “आयला!”

त्या दरीत आवाज फार छान घुमतो, हे सांगताना मला अत्यंत वाईट वाटतं. आयला, यला, ला.

कर्मा गर्रकन वळला. त्याचे डोळे चमकत होते. “आई ला, सुना? बेटी ने भी ‘ला’ लगाया!”

“सुना, बेटा,” आई म्हणाली. “पूरी घाटी ने सुना.”

मठाचं दार बंद झालं होतं. जेवणाची वेळ. मी मान खाली घालून उभी राहिले. आईने मठासमोरच्या एका दगडावर रुमाल अंथरला, पिशवीतून नाशिकहून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, अर्धी दशमी कर्माच्या हातावर ठेवली आणि समोर बघत खायला लागली. मग ती म्हणाली, “घरी भाकरी करताना बघायचे. आज खाताना बघतेय. बरं झालं दार बंद होतं.” पुढे दार उघडलं आणि ती आत जाऊन आली. सामान कसं नेलं, ते तिने तिथल्या भिक्खूंना विचारलं म्हणे. उत्तर मला अजून सांगितलेलं नाही. शिक्षा म्हणून.

माझा राग गेला असं मात्र समजू नका. सहलवाल्यांना जाब विचारला, तर ते म्हणाले, ‘मराठी भाषिक मार्गदर्शक’ म्हणजे मराठी भाषिकांचा मार्गदर्शक. समास नीट सोडवा. पप्पा त्यावर पत्रक लिहितायत. चार पानी. मी त्यांना पूर्ण पाठिंबा दिला आहे. पण ‘छापलं, की जबाबदारी आली’ हा नियम मलाही लागू आहे, आणि माझ्या पत्रकाची एक प्रत पारोच्या त्या बसमध्ये अजूनही मंत्रांसोबत फडफडतेय. म्हणून हे शुद्धिपत्र.

ज्यांच्याकडे माझं पत्रक असेल त्यांनी (स्टँडवरच्या काकांनी सर्वांत आधी) ते खिशातून काढावं, तिसऱ्या ओळीवर यावं आणि ‘आई’ आणि ‘ला’ यांच्यामध्ये पेनने एक उभी रेघ मारून थोडी जागा करावी. बाकी शिव्यांना हात लावू नये. त्या तशाच शिव्या आहेत. आणि भूतानला कोणी जात असेल, तर बसमधली प्रत तेवढी दुरुस्त करून यावी. मला घाट लागतो.