वरच्या घरचा कढीपत्ता

आखातात, अल हैलमधल्या आमच्या घराला सगळे व्हिला म्हणायचे, आणि मला दर वेळी हसू यायचं. आमच्या अर्बाबनं, म्हणजे घरमालकानं, एका जुन्या दुमजली घरात मध्ये पातळ भिंती घालून चार बिऱ्हाडं बसवली होती. शिंकलं तरी चारही घरांत कळायचं. खाली आम्ही आणि एक केरळची चेची. चेची म्हणजे त्यांच्याकडची ताई. वर एक पंजाबी भाभी, आणि तिच्या समोर वऱ्हाडातली वहिनी, तिचा नवरा आणि दोन मुलं. नवरे चौघींचेही हात काळे करणारे. माझा एसी दुरुस्त करायचा, चेचीचा वेल्डर, भाभीचा ट्रेलरवर आणि वहिनीचा क्रेनवर.

या चार घरांत एक रीत होती. कुणी ठरवलेली नव्हती, चौघींनी आपापल्या माहेराहून आणलेली होती आणि ती नेमकी सारखी निघाली. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही. माझ्या वाटीतून वर उसळ गेली की वाटी उतरताना ठेचा घेऊन यायची. चेचीच्या डब्यात केळ्याचे वेफर्स यायचे, तो जाताना नारळाच्या वड्या घेऊन जायचा. काही नसलंच तर चिमूटभर साखर. जिन्यावरून भांडी सारखी खालीवर चालायची, आणि खरं सांगते, परमुलखात माझा जीव रमला तो त्या जिन्यामुळे.

तेलाचे भाव पडले त्या वर्षी एकेक काम बंद पडायला लागलं. एके दिवशी माझा नवरा दुपारी जेवायला आला आणि ताटावर बसायच्या आधीच म्हणाला, "वहिनीकडचे भाऊ किनाऱ्यावर बसलेत. बाकावर. हेल्मेट मांडीवर घेऊन. तू काही बोलू नकोस हं कुणाला."

मी संध्याकाळपर्यंत कळ काढली आणि चेचीला सांगितलं.

वहिनीनं मात्र कुणाला काही सांगितलं नव्हतं. तिचा नवरा रोज सकाळी कामाला निघाल्यासारखा जिना उतरायचा, आणि ती वरून "सांभाळून जा" म्हणायची, आम्हाला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं. व्हिसा संपायच्या आत दुसरी नोकरी मिळाली तर ठीक, नाही तर मुलांच्या शाळेसकट सगळं गुंडाळून परत जायचं, एवढाच हिशेब होता. तोवर तिला मान ताठ ठेवून जगायचं होतं. तिच्या आईनं तिला काय शिकवलं होतं ते तिनं एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. "उपाशी राहा, पण कोनापुढे हात पसरू नोको."

आम्ही तिघींनी काय केलं? आम्ही न बोलता वाट्या वाढवल्या. मी आज भाजी, उद्या थालीपीठ. चेची इडल्या. भाभी राजमा, तोही पातेलंभर. स्वतःवर मी इतकी खूश होते म्हणून सांगू! आणि भांडी रीतीप्रमाणे भरून परत येत होती. म्हटलं, चला, चूल पेटतेय म्हणजे.

मग एक दिवस चेचीनं माझा डबा परत केला. आत शंकरपाळी. मी एक उचलली आणि हातातच धरून बसले. माझ्या कातण्याचा एक दात तुटलेला आहे, त्यामुळे माझ्या शंकरपाळीची कड एका जागी सपाट येते. हिची कड तशीच होती. ही शंकरपाळी मी चार दिवसांपूर्वी वर पाठवली होती.

"चेची, ये आप को किसने दिया?"

"ऊपर से आया। क्यों?"

मला आधी रागच आला. मुलांना म्हणून डबाभर पाठवली, तर ही दुसऱ्याला देऊन मोकळी! आणि मग मी हिशेब लावला. माझी शंकरपाळी चेचीच्या डब्यातून खाली आली होती. म्हणजे चेचीच्या इडल्या भाभीकडे जात असणार, आणि भाभीचा राजमा, जो मी परवा वहिनीच्या हातचा म्हणून मिटक्या मारत खाल्ला होता, तो भाभीचाच. ती मुलांना घासभर देऊन उरलेलं सगळं भांडी भरायला ठेवत होती. आम्ही मदत म्हणून धाडलेली प्रत्येक वाटी तिच्या दारात जाऊन तगादा लावत होती.

"मी सरळ वर जाते आणि सांगते तिला, खा म्हणावं गुपचूप," मी म्हटलं. माझं डोकं असंच चालतं.

चेचीनं माझा हात धरला. "नहीं। फिर वो दरवाज़ा बंद कर लेगी।"

आम्ही पाठवणं थांबवलं. तेही वाईटच. जिना ओस पडला. वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालताना दिसायची, पण आमच्याकडे बघायची नाही.

वाट निघाली ती सांबारामुळे. चेचीचा कढीपत्ता संपला होता, आणि कढीपत्त्याशिवाय सांबार म्हणजे तिच्या लेखी आजाऱ्याचं जेवण. वहिनीच्या दारात रंगाच्या रिकाम्या बादलीत कढीपत्त्याचं झाड होतं. एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यावर ते बेटं माजलं होतं. चेची रिकामी वाटी घेऊन वर गेली आणि तिनं मागितला. बस्स, एवढंच. वहिनीनं वाटी ओसंडेल इतका तोडून दिला. चेची खाली येऊन म्हणाली, "वो हँसी। कितने दिन बाद।"

संध्याकाळी ती वाटी सांबार भरून वर गेली. आणि ती परत आली तेव्हा रिकामी होती. का नसेल? आधी दिलं होतं ते वहिनीनं. चेची फक्त फेडत होती.

मग काय, आम्हा सगळ्यांनाच कढीपत्त्याचं वेड लागलं. मी सकाळी मागायची आणि दुपारी कढी, भात, भाजी वर पोचवायची. भाभीनं तर कहर केला. जिच्या परोठ्याला आणि राजम्याला कढीपत्त्याचं पान जन्मात शिवलं नव्हतं, ती दिवसाआड हात पुढे करून उभी. वहिनी तोऱ्यात पानं तोडायची आणि मला बजावायची, "कवळी पानं मागू नोको, झाडाले तरास होते." तिचा तो तोरा बघून मला रडू यायचं. झाडाचा मात्र पार खराटा झाला.

नोकरी काही मिळाली नाही. व्हिसा संपत आला आणि त्यांचं निघायचं ठरलं. जायच्या दिवशी सकाळी ती बादली कडेवर घेऊन वहिनी जिना उतरली. काड्यांच्या टोकांना चार कोवळी पानं तेवढी होती.

"हे तुझ्याजोळ ठेव," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून हसली. "भाभीलेही कढीपत्ता लागते, हे मले पटन असं वाटलं का तुमाले?"

 मी नुसती तिच्या गळ्यात पडले.

"ऐक," तिनं डोळे पुसले. "वर नवीन कोनी राहाले आलं की हे त्याइच्या दारात ठेवजो. ठेवजो बरं का."

दोन महिन्यांनी वर साताऱ्याकडचं एक जोडपं आलं. बाई बावरलेली, कुणाशी बोलत नव्हती. तोवर झाड पुन्हा दाट झालं होतं. मी ते वर नेऊन तिच्या दारात ठेवलं, पाण्याची नळी बादलीत सोडली आणि खाली आले. दुसऱ्या दिवशी रिकामी वाटी घेऊन तिचं दार वाजवलं आणि म्हटलं, जरा कढीपत्ता देता का?

माझ्या फ्रिजमध्ये भरपूर होता.