हवाबोटीचा खांदा

आमच्या धरणाच्या काठावर किस्से म्हंजे चहाच्या कपावरच्या माश्या. एक हाकलली का चार येतेत! आन हवाबोट आल्यापासून तं इचारूच नोका.

हवाबोट म्हंजे हॉवरक्राफ्ट. खाली रबराचा फुगा, मांगं ह्ये मोठ्ठा पंखा. पाण्यावर टेकतच नाई, हवेवर चालते! माहा दोस्त पप्या, त्याले मी म्हनलो, "भरला कप चहा हातात धरून फेरी मारून दाखव. थेंब सांडला नाई पायजे!"

पप्याले त्याच दिवशी भावासाठी पोरगी पाहाले जाचं होतं. अंगात पांढरा शर्ट. तरी भैताड बसला!

डोंगे चुकवले, वळनं घेतले, धरनाची अख्खी फेरी झाली. चहा हालला बी नाई! आमचे तोंडं उघडेच. काठावर येऊन पप्या उभा राह्यला, "पाह्यलं का बे?" तेवढ्यात कॅप्टननं, म्हंजे बोट चालवनाऱ्यानं, इंजिन बंद केलं. हवा गेली, बोट धप्पकन खाली बसली. चहा शर्टावर!

पोरीचा बाप म्हने, "पाव्हने चहा घेऊनच आले वाट्टे!"

*

एक मॅडम बसल्या. बोट सुसाट सुटल्यावर इचारलं, "याचा ब्रेक कुठंय?"

कॅप्टन म्हने, "ब्रेक नसते याले."

मॅडमनं डोळे मिटले आन कळंबच्या चिंतामणीले नारळ बोलल्या. उतरल्यावर कॅप्टनले म्हनल्या, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"मी तं रोजच नारळ बोलतो, मॅडम!"

*

मच्छीवाला भुऱ्या रोज बोंबले, बोटीनं जाळं फाटलं. कॅप्टननं मंग त्याच्यासमोर जाळ्यावरूनच बोट नेली. पंख्याचा आवाज कान फाडून राह्यलता, पन जाळ्याचा एक धागा तुटला नाई! भुऱ्या डोकं खाजवत म्हने, "आता जाळं फाटलं तं घरी नाव कोनाचं सांगू?"

*

सगळ्यात जास्त राग गुलाबकाकाचा. काठालेच त्याचं वावर. "ह्या भोंग्यानं माहा सर्जा दचकते. बुडवा ह्याले!" सर्जा म्हंजे त्याचा बैल.

पोळा जवळ आला आन सर्जाच गाळात फसला. पोटालोक. पाणी चढून राह्यलतं. मानूस गेला का मांडीलोक खाली. काका काठावर नुस्ता "सर्जा, सर्जा" करे.

तं कॅप्टननं पाण्यातून बोट तशीच सरळ चिखलावर आनली! थांबली नाई, रुतली नाई. बाप्पा, अंगावर काटा आला! त्यानं पालथं पडून सर्जाले दोन दोर बांधले, एक बोटीले अडकवला, दुसऱ्याचं टोक काठावर आमाले फेकलं. बोट वढे, आमी वढो. निंगाला सर्जा!

काका आभार बी नाई बोलला. सर्जाचा खांदा पुसत निंगून गेला.

कॅप्टन मले म्हने, "चांगला वढला बे. पोळ्याच्या दिवशी पैली फेरी तुही." मी तोवर एकदाई बसलो नोतो! झोपच नाई आली.

*

पोळ्याच्या सकाळी पाह्यतो तं बोटीच्या साऱ्या फुग्याले लोनी आन हळद!

बोटीचे मॅनेजर साहेब रागानं लाल. "तुपा-लोण्यानं रबर खराब होतं! कोणाचं काम आहे?"

साऱ्यायच्या माना माह्याकडं. मांगं एकदा पंख्याले लिंबू-मिरची मीच बांधली होती ना! पप्या बी म्हने, "कबूल करून टाक ना बे." जिंदगीत पैल्यांदा मी काहीच केलं नोतं, आन कोनी मानेना!

"याची फेरी बंद! पुन्हा काठावर दिसला तर बघ!"

कॅप्टन बी खाली पाहे. माहे तं डोळेच भरले.

तेवढ्यात गुलाबकाका सर्जाले घेऊन आला. शिंगाले बेगड, पाठीवर झूल.

"पोट्ट्याले सोडा, साहेब. मी चोळलं."

"तुम्ही? कशाला?"

"काल खांदशेकनी होती. ज्यानं वढलं त्याचा खांदा लोनी-हळदीनं चोळा लागते. ह्याचा खांदा कोनता ते समजेना, म्हून साराच चोळला."

काकानं बोटीवर हात ठेवला.

"आन सर्जासंगं ह्यालेई कालच आवतन देल्लं, उद्या जेवाले ये म्हून. घरी पुरन शिजलं हाय, साहेब. आता ह्याले वावरातून आनता का रस्त्यानं, ते तुमी पाहा."