चंपतभाऊंनी बंद केलेला प्रोग्राम

मानेवाड्यात आमच्या भिंतीला भिंत लागून चंपतभाऊंचं घर आहे. कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर त्यांनी सारी नोकरी वॉचमन म्हणून केली. कोण आलं, काय काम, कोणी पाठवलं, याची उत्तरं मिळाल्याशिवाय त्यांनी साहेबाच्या मेव्हण्यालाही आत सोडलं नाही म्हणे. निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. मी वाटीभर भाजी द्यायला गेले तरी आधी माझी उलटतपासणी व्हायची.

त्यांच्या बायकोचं, जिजाबाईंचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी बाप-लेकाचं बिनसलं. एकुलता एक पुष्कर बंगलोरला कम्प्युटरच्याच नोकरीत. घर विकून माझ्याकडे चला, असं तो बोलून गेला. जिजाबाईंची चप्पल अजून दारातच होती. चंपतभाऊ भडकले. "जा तू. अन् मले फोन नको करू," असं त्यांनी पाहुण्यांसमोर सुनावलं. पोरगंही बापावरच गेलेलं. त्याने खरंच फोन केला नाही. वर्ष उलटून गेलं. मला दोघांचाही राग यायचा.

भाऊ रोज आंघोळ झाली की घरच्या कम्प्युटरवर पेपर वाचतात, कारण तिथे अक्षरं मोठी करता येतात. मध्यंतरी तो कम्प्युटर फारच रेंगाळायला लागला. त्यातच ज्येष्ठ नागरिक मंडळात कोणीतरी भाषण ठोकलं, की अनोळखी प्रोग्राम आत लपून बसतात आणि तुमच्यावर पाळत ठेवतात. झालं! भाऊंच्या अंगात पुन्हा गेटवाला संचारला.

टास्क मॅनेजर कसा उघडायचा, हे ते मंडळातच शिकून आले. कम्प्युटर लावताच कोण कोण आपोआप सुरू होतं ते तिथे दिसतं. एकेक नाव ते मोबाईलवर शोधत बसले. हा प्रिंटरचा, राहू दे. हा आवाजाचा, राहू दे. व्हायरस पकडणाऱ्याला हात लावायचा नाही. व्हिडिओ कॉलचा एक होता, तो कोण वापरतं, बंद. काढून काही टाकलं नाही. चुकलं तर परत सुरू करता यावं, एवढं शहाणपण त्यांच्याकडे होतं. शेवटी एक राहिला. त्याचं नाव म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची खिचडी, कुठे शोधून सापडेना. बनवणाऱ्या कंपनीच्या जागी कोरं. याला कोणी पाठवलं तेच कळेना, म्हणून त्यांनी तोही बंद केला आणि भिंतीवरून मला मोठ्या समाधानाने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला पुष्करचा फोन आला. बाबांचा फोन बंद येतोय, काकू, जरा जाऊन पाहता का, म्हणाला. मी गॅस बंद केला आणि तशीच धावले. दार ढकललं तर भाऊ आरामात कम्प्युटरवर पेपर वाचत बसलेले. फोन बंद करून चार्जिंगला लावायची त्यांची पद्धतच आहे.

मी फोन स्पीकरवर टाकला आणि पुष्करला विचारलं, इतक्या महिन्यांनी आजच कशी आठवण झाली? मग त्याने सांगितलं. तेराव्यानंतर निघण्याआधी त्याने स्वतः लिहिलेला एक लहानसा प्रोग्राम त्या कम्प्युटरमध्ये ठेवला होता. सकाळी कम्प्युटर लागला की त्याला तेवढा निरोप जायचा. बाकी तो काही पाहत नव्हता. बाबा उठले, आंघोळ झाली, पेपर वाचायला बसले, एवढं कळलं की तो ऑफिसला निघायचा. आज निरोप आला नाही.

भाऊंचं तोंड इतकं पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मलाच रडू आलं. ते फोनजवळ वाकले.

"मशीनले काहून विचारून राहिला होता गा? मले विचाराचं होतं."

"तुमीच तं फोन नको करू म्हणलं होतं, बाबा."

"म्हणलं होतं," भाऊ म्हणाले. "रागात बोललो मी. पण तू आयकलं काहून?"