दीड गोळी

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही. देवापुढे उभी राहून सांगायला गेले, तर नुसते हात जोडून परत यायची. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. ओळखीच्या माणसाला सांगायचं तर सांगताना त्याच्या तोंडाकडे बघावं लागतं – तेवढं धाडस माझ्यात नाही.

आमच्या उत्रोलीत मला चांगली म्हणतात. खरंच म्हणतात. नव्या सुनांना माझा दाखला देतात – सासूचं करावं तर सवितानं केलं तसं. सासूबाईंच्या दहाव्याला बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "येवढ्या वर्सात येक गोळी चुकवली न्हाई पोरीनं," आमच्या चुलत सासूबाई आल्यागेल्याला सांगत होत्या. मी मान खाली घालून बसले होते. बायकांना वाटलं, रडतेय. मी रडत नव्हते. आता कुणीतरी उठेल आणि म्हणेल, हे खोटं आहे – याची वाट बघत होते. कुणी उठलं नाही. ज्यांना ते म्हणता आलं असतं, त्यांचाच दहावा होता.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांच्या हृदयाची एक झडप खराब झाली, तेव्हा पुण्याला ऑपरेशन करून धातूची बसवली. दुपारी घरात कुणी नसलं, की त्यांच्या छातीतून घड्याळासारखी बारीक टिकटिक ऐकू यायची. त्या झडपेपायी जन्मभर रक्त पातळ करायची गोळी लागली. रक्त घट्ट राहिलं तर झडपेवर गुठळी धरणार, ती सुटून मेंदूत गेली की अर्धांगवायू. फार पातळ झालं तर आतल्या आत रक्त वाहणार. म्हणून दर महिन्याला भोरला जाऊन रक्त तपासायचं. त्याचा एक आकडा येतो. तो अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा. आकडा बघून डॉक्टर गोळी कमीजास्त करायचे – कधी एक, कधी पाऊण, कधी सव्वा.

सुरुवातीला आत्याबाई स्वतःच गोळी घ्यायच्या. एकदा चुकून दोनदा घेतली, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, की या गोळ्या घरातल्या एकाच माणसाने द्यायच्या, आजींनी डब्याला हात लावायचा नाही. तेव्हापासून डबा माझ्याकडे आला, फडताळाच्या वरच्या कप्प्यात. संध्याकाळी जेवण झालं की आत्याबाई तळहात पुढे करायच्या आणि मी त्यावर गोळी ठेवायची. अर्धी आहे का अख्खी, त्या बघायच्यासुद्धा नाहीत. "तू दिली न्हवं? मंग बास."

आमचं काही मायलेकींसारखं होतं, असं नाही. उगाच कशाला सांगू? त्या तिखट आणि मी त्यांच्याहून तिखट. पण भांडण कधी चुलीच्या पुढे गेलं नव्हतं.

त्या वर्षी आषाढात माझा भाऊ मार्गासनीहून आला होता. त्याची बायको बाळंत झाली होती. तिच्यासाठी मी कितीतरी दिवस साय साठवून तूप कढवलं होतं. डबा भरून, फडक्यात बांधून त्याच्या हातात दिला. आत्याबाई दारातच तांदूळ पाखडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "डबा भरून चाललाय जणू माहेराला. हितल्या माणसांच्या ताटात मंग काय वाढायचं?"

भाऊ हसला. डबा ओट्यावर ठेवला, म्हणाला, "ऱ्हाऊ दे अक्के, पावसात सांडायचा वाटंला." रेनकोट चढवला, गाडीला किक मारली आणि गेला. त्याचं ते हसणं मला अजून दिसतं. बाळंतिणीचं तूप हो! माझ्या कानशिलात जाळ झाला. मी त्यांना उलट बोलले असते तर बरं झालं असतं. घर डोक्यावर घेतलं असतं, चार बायका गोळा झाल्या असत्या, आणि संपलं असतं.

मी अबोला धरला. आणि नुसता अबोलाच नाही –

इथपर्यंत आले की माझं नेहमी अडतं. मनातल्या मनात सांगतानाही मी इथून मागे फिरते, तुपाच्या डब्यापाशी जाऊन बसते. त्यांचं बोलणं किती लागलं, भाऊ कसा हसला, हेच पुन्हा पुन्हा घोळवते. पण तूप काय, तूप भावाने नंतर नेलंच की. सांगायचं ते तूप नाही.

मी त्यांना गोळी देणं बंद केलं.

पहिल्या संध्याकाळी विसरले, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत आले. मी विसरले नव्हते. जेवणं झाली, भांडी घासली, फडताळासमोरून दोनदा गेले. मनात एकच – मागू दे. एकदा नुसतं "सविता, गोळी दे" म्हणू दे, लगेच देते. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तर मला त्याची चटकच लागल्यासारखं झालं. नवरा शिरवळच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला, तो संध्याकाळी घरी नसायचा. घरात आम्ही दोघीच – बोलणं नाही, आवाज नाही, नुसती ती छातीतली टिकटिक. मला ती ऐकू येत होती. ऐकू येत असून मी फडताळ उघडलं नाही. भाताची लावणी सुरू झाली, चिखलात दिवसभर वाकून कंबर मोडायची, आणि तरी संध्याकाळी मला ते पक्कं आठवायचं. दमले होते म्हणून राहिलं, असंही मला म्हणता येत नाही.

अबोला त्यांनीच मोडला. बांधावर भाकरी घेऊन आल्या. मी भिजून गारठले होते, तर स्वतःच्या डोक्यावरचं इरलं काढून माझ्या अंगावर टाकलं. "घे. आजारी पडलीस तर माजं कोन करंल?" एवढंच. त्या संध्याकाळी मी डबा काढला आणि गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी गिळली. किती दिवस नव्हती दिली, याचं नाव त्यांनीही काढलं नाही आणि मीही नाही.

पुढच्या दोन-तीन दिवसांतच तपासणी होती. आकडा सव्वा आला. डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "इतका कसा उतरला? मध्ये गोळ्या चुकल्या का? चुकल्या असतील तर तसं सांगा, रागावणार नाही. त्यावरच पुढचा डोस ठरतो."

इतकं स्पष्ट विचारलं होतं त्यांनी. रागावणारही नव्हते. मला काय बोलायचं होतं? चुकल्या, एवढी तीन अक्षरं. का चुकल्या, हेही त्यांनी विचारलं नसतं. मी म्हणाले, "नाही डॉक्टर. रोज देते."

आत्याबाई शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या पदराच्या काठाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता बोलतील. बोलल्याच.

"व्हय की," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "रोज देती. लई नेमाची हाय सून माजी."

डॉक्टर म्हणाले, म्हणजे एक गोळी पुरत नाही. दीड करू. आठ दिवसांनी पुन्हा रक्त तपासायला आणा, विसरू नका. त्यांचं काय चुकलं? त्यांना जे सांगितलं, त्यावर त्यांनी हिशेब केला. येताना एसटीत आत्याबाई खिडकीपाशी बसल्या आणि मला म्हणाल्या, लावणी यंदा बेस साधली. दुसरं काही नाही.

आता तुम्ही विचाराल, तुला तर माहीत होतं ना आकडा का उतरला ते? मग घरी येऊन गुपचूप एकच द्यायची. तेवढंही का सुचलं नाही? सुचलं होतं. पण मला वाटलं, राहिलेल्या गोळ्या यातून भरून निघतील. पिकाला खताचा एक हप्ता द्यायचा राहिला, तर पुढचा जरा वाढवून देतो आपण, तसं. आणि दुसरं – मला आता चांगली सून व्हायचं होतं. मी दीड गोळी दिली. कधी नव्हे इतक्या नेमाने दिली, अर्धी गोळी ब्लेडने नीट कापून, चुरा सांडू न देता. हेच माझं प्रायश्चित्त, असं मी समजत होते. आणि ती खरोखर एकही चुकली नाही. बायका दहाव्याला म्हणाल्या ते त्या दिवसांपुरतं खरं होतं.

आठ दिवसांनी मी त्यांना भोरला नेलं नाही. लावणी आहे, म्हटलं. मग निंदणी. नवऱ्याने विचारलं, तर मी म्हणाले, नेते की, पाऊस उघडू दे. खरी गोष्ट ही, की मला आकड्याची भीती वाटत होती. आकडा एकदम वर गेला, तर डॉक्टरांना कळणार, की एक गोळी पुरत होती, देणारीनेच दिली नव्हती.

मग आत्याबाईंच्या दंडावर निळे डाग आले. कुठे लागलं आठवत नाही म्हणाल्या. सकाळी मिश्री लावून थुंकल्या, तर थुंकी लाल. "हिरडीला बोट लागलं आसंल," त्या म्हणाल्या, आणि मी पाणी ओतून ती जागा धुतली. ऑपरेशननंतर पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं – निळे डाग, हिरड्यांतून रक्त, की लगेच फोन करा. मला पाठ होतं ते. मोबाईल हातात घेतला होता मी. डॉक्टरांचा नंबरही काढला होता. मग ते काय काय विचारतील ते मनात आलं, आणि मोबाईल पुन्हा चार्जिंगला लावला.

भाटघरच्या धरणातून पाणी सोडायचा भोंगा वाजत होता, त्या सकाळी आत्याबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. "सविता, डोकं लई दुकतंय गं," म्हणाल्या. मी पाणी आणायला आत गेले. बाहेर आले तर त्यांना उलटी झाली होती आणि एका कुशीवर कलंडल्या होत्या. शेजारच्यांच्या टेम्पोतून भोरला, तिथून ॲम्ब्युलन्सने पुण्याला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. आकडा इतका वर गेला होता, की तिथल्या डॉक्टरांनी तो दुसऱ्यांदा तपासायला लावला. त्यांनी नवऱ्याला विचारलं, मध्ये गोळ्यांची काही गडबड झाली होती का?

"न्हाई साहेब," माझा नवरा म्हणाला. "माझी बायको देती. तिच्याकडनं गडबड व्हनार न्हाई."

मी त्याच्या शेजारीच उभी होते. आत्याबाई त्यानंतर शुद्धीवर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गेल्या.

एवढं सांगितलं, पण अजून एक राहिलंय. तेच सांगायला बसले होते.

मी म्हटलं ना, मागितली असती तर लगेच दिली असती? अबोल्यातली एक संध्याकाळ होती. आत्याबाई जेवल्या, हात धुतला, भिंतीला टेकून बसल्या. आणि त्यांनी तळहात गुडघ्यावर ठेवला – उताणा. माझ्याकडे बघितलं नाही. तोंडाने काही बोलल्या नाहीत. नुसता हात तसा ठेवून बसून राहिल्या. त्यांच्यासारख्या बाईने आणखी कसं मागायचं होतं? मला ते दिसलं. मला ते कळलं. मी बादली उचलली आणि म्हशीकडे गेले. तिथे उगाच वेळ काढला. परत आले तेव्हाही हात तसाच होता. मी त्यांच्या समोरून जाऊन दिवा मालवला.

म्हणजे त्यांनी मागितली होती. आणि तरीही डॉक्टरांपुढे त्या मला नेमाची म्हणाल्या.

यंदा नवरा मोटरसायकलवरून पडला. पाय प्लास्टरमध्ये होता, तेव्हा पोटरीच्या शिरेत गुठळी झाली. डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी दिली आहे. तीच. आकडा बघायचा, गोळी कमीजास्त करायची, सगळं तेच. मी नवऱ्याला म्हटलं, तुमची तुम्ही घ्या, तुम्हाला वाचता येतं. तो हसला. "आईला देत व्हतीस तशीच दे. मला काय बघायचंय त्यात?"

रोज जेवण झालं की तो मोबाईल बघत बघत तळहात माझ्यापुढे धरतो. मी गोळी ठेवते. तो तिच्याकडे न बघता गिळून टाकतो.