पिवडीवर गेरू, गेरूवर गुलाबी

माझी थोरली बहीण, आमची अक्का, लहानपणी देवीच्या साथीतून वाचली, पण गालांवर आणि कपाळावर वण राहून गेले. रंगाने ती वडिलांवर गेलेली, चांगली काळीसावळी. तिला बघायला येणारे लोक ओसरीवर बसून चहा प्यायचे आणि पुन्हा निरोप पाठवायचे नाहीत. अक्काला त्याचं वाईट वाटत नव्हतं की ती वाटू देत नव्हती, ते मला अजून सांगता येत नाही. तिच्याकडे एक गोष्ट मात्र अशी होती की गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हती, तिचा आवाज. आमच्या आष्टीच्या बाजारात गोंगाट भरलेला असताना तिने वडिलांना हाक मारली तर वडिलांच्या आधी बाकीचे दहाजण वळून बघायचे.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. शाळेवर नवे हेडमास्तर आले होते आणि त्यांची बायको शिकलेली होती. आम्ही सगळ्या तिला बाई म्हणायचो. बाईंच्या मनात आलं, की यंदा चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बायकांनीच बायकांसाठी नाटक करायचं. तोवर आमच्या गावात नाटकातली बाईसुद्धा बाप्याच व्हायचा, मिशी काढून. त्यामुळे आधी सगळ्या हसल्या, मग घाबरल्या, आणि शेवटी नाटकात काम मिळावं म्हणून भांडायला लागल्या.

नाटक बाईंनीच लिहिलं होतं. राजा लढाईवर गेलेला, इकडे किल्ल्याला वेढा पडतो, आणि राणी किल्ला लढवते. राणीचं काम कुणी करायचं म्हणून बाईंनी एकेकीला वाचायला लावलं. अक्काने पहिलं वाक्य म्हटलं, "दरवाजे बंद करा!" आणि शाळेच्या अंगणात खेळणारी पोरं खरोखर फाटक लावायला धावली. बाईंनी पुढे कुणाला वाचायलाच लावलं नाही.

मागून एकजण म्हणाली, "आवाज बराबर हाये. पण राणी अशी काळी असती का कुठं?"

बाई म्हणाल्या, "नाटकात सगळेच पावडर लावतात. हिलाही लावू."

मग एका तालमीला पावडर लावून बघायचं ठरलं. कुणीतरी घरातून सफेदा आणला, कुणी वासाची पावडर आणली, आणि दोघीतिघींनी मिळून अक्काच्या तोंडाला मनसोक्त फासली. काळ्या कातडीवर पांढरं चढलं की ते पांढरं राहत नाही, राखेसारखं दिसतं, हे त्या दिवशी मला कळलं. वणांमध्ये पावडर भरून बसली. अक्का तावात येऊन बोलायला लागली तसा घाम आला आणि कानशिलांवरून पांढरे ओघळ गळ्यापर्यंत गेले. बायका पदर तोंडात कोंबून हसल्या. अक्काने आपलं बोलणं पुरं केलं, एक शब्दही गाळला नाही, आणि मग घरी आली.

न्हाणीत तिने तोंड धुतलं. मी लोट्याने पाणी ओतत होते. मला वाटलं आता ही रडेल आणि काम सोडेल.

"अक्का, सांगू का बाईला, तू न्हाई करत म्हणून?"

"बिलकुल न्हाई," ती म्हणाली. डोळे मिटलेले, तोंडावरून पाणी निथळतंय. "काम मीच करणार. पण त्या बायांच्या हातात तोंड देणार न्हाई. तू कर माझं तोंड."

"मला कुठं येतं?"

"शीक मंग. आन् एक ध्यानात ठेव. मला गोरी नको करू. राणी कर."

मी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची असेन. मला रांगोळी चांगली यायची, भिंतीवर चित्रं काढता यायची, यापलीकडे काही नाही. पण अक्काने माझ्यावर असा भरवसा टाकला, की नाही म्हणायची सोय राहिली नाही.

आमच्या शेजारी मारवाड्यांचं घर होतं. त्या घरातली धाकटी सून आमच्याच वयाची, तिला आम्ही भाभी म्हणायचो. तिचे भाऊ हैद्राबादेहून तिला पावडर, अत्तर असं काय काय आणायचे, आणि ती रोज नटायची. पण सासू-सासऱ्यांसमोर घुंघट नाकाच्या खाली, त्यामुळे तिचं नटणं तिच्या आरशाखेरीज कुणी बघत नव्हतं. मी तिला अक्काची हकिकत सांगितली तशी ती उठून उभीच राहिली.

"घेऊन ये तिला इकडं. दुपारी सासूजी झोपतात."

भाभीने मला पहिला धडा दिला तो असा की आधी तोंडाला तेलाचा हलका हात, मग पावडर, आणि ती घासायची नाही, दाबायची. कापसाचा बोळा मलमलीत बांधून, हलक्या हाताने, कातडीला टेकवत जायचं. आणि एक थर बसला की गार पाण्यात पिळून काढलेली मलमल वरून दाबायची, पंख्याने वारा घालायचा, सुकू द्यायचं, मगच दुसरा थर. "एकदम लावलं तर एकदम जातं," ती म्हणायची.

रंगाचं कोडं मात्र माझं मला सोडवावं लागलं. पांढरं अक्काला चालत नव्हतं. गुलाबी नुसती लावली तर जांभळट दिसायची. एक दिवस आई भिंतीला पिवडी लावत होती, आणि तिच्या मनगटावर तो पिवळा रंग लागला होता. आईही अक्कासारखीच सावळी. त्या पिवळ्याने तिचा हात असा उजळला होता, जसा काही उन्हात धरलाय. मी पिवडी घेतली, खलात घोटली, वस्त्रगाळ केली, थोड्या पावडरीत मिसळली आणि अक्काच्या गालावर दाबली. राख नाही. वर गेरू, तोही तसाच गाळलेला, फक्त गालफडांवर आणि कानशिलांकडे. आणि सगळ्यात वर भाभीची गुलाबी पावडर, अगदी विरळ. पिवडीवर गेरू, गेरूवर गुलाबी. सफेदा लावलाच नाही म्हटलं तरी चालेल, नाकाच्या दांडीवर एक रेघ फक्त. वण बुजवायचा प्रयत्न मी सोडून दिला. थर पातळ ठेवले की ते आपोआप मागे जायचे आणि बघणाऱ्याची नजर डोळ्यांवर जायची. डोळ्यांना काजळ मात्र भरपूर, पार कानशिलापर्यंत ओढलेलं.

भाभीने आरसा धरला. अक्काने मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवून बघितलं. मग म्हणाली, "ही मीच हाय ना?"

"तूच की."

"मंग बरंय."

आता प्रश्न घामाचा. चैत्रातलं आमच्याकडचं ऊन, त्यात नाटक व्हायचं होतं मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, पत्र्याच्या शेडखाली. तिथे भर दुपारी नुसतं उभं राहिलं तरी माणूस भिजतं. अक्कानेच उपाय काढला. पूर्ण तोंड रंगवून ती घरी आली आणि जात्यावर ज्वारी दळायला बसली. राणीचे डोळे, राणीचे गाल, पदर खोचलेला, आणि घरघर जातं ओढतेय. मी समोर बसून तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. पहिल्या दिवशी नाकाजवळ रंग फुटला. दुसऱ्यांदा मी तेलाचा हात आणखी हलका केला, तेल लावून लगेच पुसूनच टाकलं, तर हनुवटीवर फुटला. असं करता करता एक दिवस पायलीभर ज्वारी दळून झाली, गळ्यावरून घामाच्या धारा लागल्या, आणि तोंड जसंच्या तसं.

तेवढ्यात वडील शेतातून आले. दारात थबकले. हळूच आईला विचारलं, "कोण पाव्हणी आली? आन् तिला दळायला कशाला बसवलं?"

अक्का इतकी हसली की जातं थांबलं. हसूनसुद्धा रंग फुटला नाही. मी उठून तिला मिठीच मारली, तर ती ओरडली, "सर, सर, पुसशील ना!"

हळदीकुंकवाच्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांमधूनसुद्धा बायका बैलगाड्यांनी आल्या. कैरीची डाळ आणि पन्हं वाटून झालं. पत्रा असा तापलेला, की पन्ह्याचे पेले हातात गरम होत होते. साड्या बांधून केलेल्या आडोशामागे मी अक्काचं तोंड रंगवलं. भाभी मदतीला येऊ शकली नाही, ती सासूजवळ घुंघटात बसली होती.

बाई आडोशाच्या आत आल्या, अक्काला बघितलं आणि स्वतःच्या गळ्यातली मोहनमाळ काढून तिच्या गळ्यात घातली.

पडदा बाजूला झाला तशी शेडमध्ये कुजबुज उठली. मी आडोशाच्या फटीतून बघत होते. पार मागे, जिथे पोत्यांच्या थप्प्यांवर बायका बसल्या होत्या, तिथूनही अक्काचे डोळे दिसत असणार, कारण अक्का जिकडे बघायची तिकडची कुजबुज बंद व्हायची. ती काळी दिसत होती. पण घासलेला तांब्याचा हंडा दिसतो तशी, भरलेली, झळझळीत. "दरवाजे बंद करा!" ती गरजली, आणि भाभीने सासूच्या शेजारी बसून दोन्ही हातांनी घुंघट वर केला. तो तिने नाटक संपेपर्यंत खाली घेतला नाही. सासूने एकदा तिच्याकडे बघितलं, मग तीही नाटकच बघायला लागली.

बाकीच्यांच्या तोंडावरची पावडर अर्ध्या नाटकात वाहून गेली. अक्काची शेवटपर्यंत टिकली. नाटक संपल्यावर बायकांचा गराडा पडला. "राणी अशी काळी असती का" म्हणणारी तीच पुढे आली, तिने अक्काच्या गालावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं. बोट कोरडं.

"कुणी केलं हे?" तिने विचारलं.

अक्काने मला हाताला धरून पुढे ओढलं. "हिनं. माझ्या बहिणीनं." तिचा तो आवाज, शेडभर गेला. माझ्या आयुष्यात माझं कौतुक पुष्कळांनी केलं, पण त्या तीन शब्दांनी माझी मान जी ताठ झाली, ती तशीच आहे.

घरी जाताना आईने आम्हा दोघींना बाजाराच्या मधल्या रस्त्याने नेलं. एरवी आम्ही मागच्या गल्लीने जायचो.

पुढे बाईंनी अक्काला परीक्षेला बसवलं आणि ती मुलींच्या शाळेवर मास्तरीण झाली, आधी गावात आणि मग घनसावंगीला. लग्नही तिने केलं, तिला पटलेल्या माणसाशी. आणि मला नवरीचं तोंड रंगवायला लग्नघरची बोलावणी यायला लागली. माझं लग्न झाल्यावरही येत राहिली, सासरचे अडवत नव्हते.

तीर्थपुरीचं एक लग्न मला विशेष आठवतं. नवरी अक्काच्याच रंगाची. तिची आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "पाहुणे बघतच राहिले पाहिजेत. अशी गोरी करा की वळखू आली न्हाई पाहिजे."

मी म्हटलं, "वळखू तर येणारच. तुमचीच लेक दिसणार ती. नसंल चालत तर आत्ताच सांगा, मी रंगाचा डबा उघडत न्हाई."

तिने तोंड वाकडं केलं, पण लेकीला माझ्यासमोर पाटावर बसवलं. मी माझे थर एकावर एक चढवले, मधे मधे ओली मलमल दाबली, काजळ ओढलं. नवरी उठून आईसमोर उभी राहिली. आईने तिला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, तिच्या हनुवटीला हात लावला, डोळे पुसले. मग माझ्यासमोर पाटावर येऊन बसली, पदर मागे सारला आणि म्हणाली,

"अक्षतांना अजून टाइम हाय. जल्दी माझंबी करा."